एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर एसएसआयएस पॅकेज चालतं का?

एक्सप्रेस ही मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची मोफत एडिशन. एसएसआयएस म्हणजे इंटिग्रेशन सर्व्हिसेस: एक्सेल, सीएसव्ही अशा फाइल्समधला डेटा उचलून, साफ करून डेटाबेसमध्ये भरणारं टूल. ते एक्सप्रेससोबत येत नाही.

गोंधळ इथे होतो. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये बनवलेलं पॅकेज तिथेच रन केलं तर चालतं. तेच बाहेर डीटीएक्झेक कमांडने चालवलं की एरर येते, कारण त्या मशीनवर इंटिग्रेशन सर्व्हिसेस इन्स्टॉल असावी लागते.

लक्षात ठेवा, अट पॅकेज चालवणाऱ्या मशीनला आहे, डेटा घेणाऱ्या डेटाबेसला नाही. स्टँडर्ड एडिशनच्या मशीनवरचं पॅकेज एक्सप्रेसमध्ये डेटा आरामात भरतं.

मग करायचं काय?

शिकण्यासाठी: डेव्हलपर एडिशन घ्या. मोफत आहे, एसएसआयएससुद्धा मिळतं. पण क्लायंटच्या प्रत्यक्ष कामकाजासाठी तिचं लायसन्स चालत नाही.

एकदाच डेटा आणायचा असेल तर: इम्पोर्ट-एक्स्पोर्ट विझार्ड वापरा. एक्सप्रेसमध्ये तो लगेच रन होतो, पॅकेज मात्र सेव्ह होत नाही.

रोजच्या कामासाठी: एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो. म्हणून बीसीपी कमांडची बॅच फाइल बनवून विंडोज टास्क शेड्युलरला लावा.

आणि हो, २०२२ च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. क्लायंटला शब्द देण्याआधी हे तपासा!