आठवण कोणी ठेवायची?



स्मरणिका म्हणजे स्मरणासाठी काढलेले पुस्तक. तिच्यात आपण वर्षभराचे निकाल, बक्षिसे, देणगीदारांची नावे आणि संस्थेचा जमाखर्च छापतो. हे सारे लक्षात ठेवण्याजोगेच आहे. पण ह्याच पानांवर आज मी आपणास एक अवघड प्रश्न विचारणार आहे. एखादे मोठे संकट कोसळते, माणसे मरतात, घरे बेचिराख होतात. त्यानंतर वीस, तीस, पन्नास वर्षांनी राष्ट्राला त्याची आठवण राहते काय? राहत असेल तर ती कशाच्या आधारे?

उत्तरासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. दोनच तारखा घेऊ. एक मुंबईची आणि दुसरी आपल्या भिवंडीची.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या हजारो गाठीही चढवल्या होत्या. दुपारी कापसातून धूर निघू लागला. अग्निशामक दलाचे जवान धावून आले आणि पाण्याचा मारा करीत राहिले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, आजूबाजूच्या वस्त्या जळाल्या, शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते.

ह्या घटनेला आज ऐंशी वर्षे उलटून गेली. तरीही दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि पुढे सप्ताहभर शाळाशाळांतून, कारखान्यांतून आगीपासून बचावाची प्रात्यक्षिके होतात. आपल्या मुलांपैकी कित्येकांनी ती पाहिली असतील. म्हणजे आठवण राहिली. का राहिली? ‘फोर्ट स्टिकिन’चे नाव घरोघरी ठाऊक आहे म्हणून नव्हे. त्या आठवणीला एक काम जोडून दिले गेले म्हणून. दरवर्षी कोणाला तरी नळी उलगडावी लागते, घंटा वाजवावी लागते, मुलांना सांगावे लागते. माणसे बदलली, सरकारे बदलली, काम चालू राहिले, आणि कामाबरोबर आठवणही.

आता दुसरी तारीख पाहा.

७ मे १९७०. दिघाशी आणि आसपासच्या गावांतून आपण रोज ज्या भिवंडीला जातो, कोणी मागावर, कोणी गोदामात, कोणी बाजाराला, कोणी कॉलेजात, त्याच भिवंडीत ह्या दिवशी शिवजयंतीची मिरवणूक निघाली होती. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीपुढील घोषणा आणि गुलाल ह्यांवरून काही वर्षे आधीपासूनच कुरबुरी चालू होत्या. वाद शिवाजी महाराजांविषयी नव्हता, हे नीट ध्यानात घ्यावे. महाराजांचे नाव पुढे करून आपले राजकारण साधणारे आणि त्याला तशाच भाषेत उत्तर देऊन आपला मतलब साधणारे, ह्या दोघांच्या ओढाताणीत गाव सापडले होते. त्या दिवशी घोषणा झाल्या, दगड आले, आणि पाहता पाहता दुकाने, घरे, यंत्रमाग पेटले. झळ लगतच्या खेड्यांनाही पोहोचली. त्याच दिवशी महाडला दंगल झाली आणि दुसऱ्या दिवशी जळगाव पेटले. एकट्या जळगावात ४३ माणसे मेली. भिवंडी आणि जळगाव मिळून मृतांची संख्या शंभराच्या वर गेली. मृतांत मुसलमान बहुसंख्य होते. हिंदूही होते.

भिवंडी हे कसल्या माणसांचे गाव होते? १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान, आगरी आणि कुणबी ह्या सर्वांच्या हातांवर हा कापडाचा धंदा उभा होता. सूत एकाकडून येई, विणाई दुसऱ्याकडे होई, माल तिसरा विकी. माग जळाला की मालकाची जात कोणतीही असो, कामगाराची चूल विझतेच. हे सर्वांना कळत होते. तरीही आग लागली.

दंगलीनंतर मोठमोठी माणसे आली. अभिनेते बलराज साहनी तर भिवंडीत येऊन राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिनशा मादन ह्यांचा चौकशी आयोग नेमला गेला. मादन साहेब पारशी. त्यांनी वर्षानुवर्षे साक्षी नोंदवल्या, कागद तपासले आणि १९७५ साली अहवाल पूर्ण केला. मिरवणुकीतील काहींनी जाणूनबुजून केलेली चिथावणी हे दंगलीचे तात्कालिक कारण होते, असे त्यांनी लिहिले. दोन्हीकडच्या जातीय संघटनांनी आधीपासून वातावरण कसे तापवले तेही लिहिले. आणि दंगलीनंतरच्या तपासात पोलिसांनी धर्म पाहून भेदभाव केला, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदवले. इतका निर्भीड अहवाल आपल्या देशात क्वचितच लिहिला गेला असेल.

अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. म्हणजे आठवण कागदावर होती, परंतु तिला काम नेमून दिलेले नव्हते. अहवाल वाचून उद्या सकाळी कोणी काय करायचे, हे ना पोलीस चौकीला ठाऊक, ना मोहल्ल्याला.

त्याची किंमत मोजावी लागली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ह्या खेपेस आग ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली. लष्कराला पाचारण करावे लागले. सर्व ठिकाणची मिळून अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अन्सारी बागेत आश्रयाला आलेली माणसे जिवंत जाळली गेली. १९७० साली जी मुले धुराने डोळे चोळत घराबाहेर पळाली होती, ती १९८४ साली आपापली मुले कडेवर घेऊन पळाली. मधल्या चौदा वर्षांत कोणी काय लक्षात ठेवले होते?

वाचकहो, इतिहास इथेच थांबला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

१९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त भिवंडीत आले. त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. दंगल झाल्यावर शांतता समिती बोलावतात तेव्हा तिच्यात पुढारीच येतात, चहा पितात, भाषणे करतात आणि घरी जातात. ज्या गल्लीत दगड पडतो त्या गल्लीतला माणूस तिथे नसतो. म्हणून त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, सुमारे सत्तर. एकेका समितीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने घेतले. त्यांत दुकानदार, कामगार, शिक्षक अशी साधी माणसे घेतली. गुंड आणि चिथावणीखोर मात्र दूर ठेवले. प्रत्येक समितीला एक पोलीस अधिकारी जोडून दिला आणि बैठका ठरावीक दिवशी, नियमाने होऊ लागल्या.

ह्या बैठकांत काय चाले? ऐक्यावरची व्याख्याने नव्हेत. किरकोळ तंटे सुटत. शेजाऱ्याचे भांडण, जागेचा वाद, सणाच्या दिवसांतले ध्वनिक्षेपक, मिरवणुकीचा रस्ता. ज्या पोलिसाला पाहून लोक दार लावून घेत, त्याला नावाने हाक मारू लागले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अफवा आली की ती खरी की खोटी, हे विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस मिळू लागला.

मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला. बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत जळाली. तिथे सुमारे ९०० माणसे मेली. सर्वांचे डोळे भिवंडीकडे लागले होते, कारण दंगल म्हटली की भिवंडी, असाच लौकिक झाला होता. पण भिवंडी शांत राहिली. समित्यांची माणसे रात्री गल्लीच्या तोंडाशी बसून राहिली, अफवांचा माग घेत राहिली, पोरांना घरात पिटाळत राहिली. जे गाव दोनदा जळाले होते त्याने तिसऱ्यांदा जळण्यास नकार दिला. पुढे मुंबईनेही मोहल्ला समित्यांचा हा मार्ग स्वीकारला. दंगलीसाठी बदनाम झालेल्या आपल्या गावाकडून महानगराने धडा घेतला, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे काय?

आता एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. त्या शिपायांनाही आईबाप होते. त्यांचा जीव घेणारे हात आमच्यातले होते, हे मान्य करताना जीभ जड होते, परंतु मान्य केलेच पाहिजे. ज्या भिवंडीत चौदा वर्षांपूर्वी शिपाई आणि मोहल्ला एकत्र पहारा देत होते, त्याच भिवंडीत हे घडले. आठवण एकदा कमावली म्हणजे कायमची राहते असे नाही. बैठका सुटल्या, ओळखी पुसट झाल्या, की जुने दिवस परत यायला वेळ लागत नाही.

तर मग राष्ट्राला आठवण राहते काय? माझे उत्तर असे आहे. राष्ट्र म्हणून कोणी एक माणूस दिल्लीत बसलेला नाही, ज्याच्या वहीत आपली दुःखे टिपलेली असतील. राष्ट्र आठवण ठेवते ते गल्लीतल्या, गावातल्या, शाळेतल्या माणसांकरवी. आणि आठवण म्हणजे वर्षातून एक दिवस डोळे पुसणे नव्हे, कोणाचे वैर पुढच्या पिढीच्या हाती देणे तर मुळीच नव्हे. ते पुन्हा घडू नये म्हणून जे काम नियमाने केले जाते, तीच आठवण.

पालकहो, ७ मे ही तारीख कोणत्याही दिनदर्शिकेत लाल शाईने छापलेली नसते. ती तारीख आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात आहे, आणि ती माणसे आता एकेक करून आपल्यातून जात आहेत. त्यांना विचारा. मुलांदेखत विचारा. ‘कोणी मारले’ एवढेच विचारू नका. ‘त्या रात्री कोणी लपवले, कोणी भाकरी दिली’ हेही विचारा. अर्धी हकीकत ऐकलेले मूल सूड शिकते, पुरी हकीकत ऐकलेले मूल माणसे ओळखायला शिकते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम सोपे आहे. आजोबा, नाना, शेजारचे काका जे सांगतील ते एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. शेजारच्या गावात, दुसऱ्या आळीत, आपल्याहून वेगळ्या घरात किमान एक असा मित्र जोडा, ज्याला अपरात्री फोन करून ‘हे खरे आहे का रे?’ असे विचारता येईल. आज अफवा पायी येत नाही, ती मोबाईलवर क्षणात येते. विचारल्याशिवाय ती पुढे पाठवू नका. भिवंडीच्या समित्यांनी १९९२ साली जे गल्लीच्या तोंडाशी बसून केले, ते तुम्ही दिघाशीत घरबसल्या करू शकता.

आपल्या संस्थेने शाळा काढली ती मुलांनी परीक्षा पास व्हावे म्हणून, हे खरेच. पण ज्या मुलाला आपल्या तालुक्यात काय घडले आणि काय टळले हे ठाऊक नाही, त्याचे शिक्षण अपुरे आहे. पुढील स्मरणिकेत तुमच्या वह्यांतली चार पाने छापून यावीत, एवढीच माझी इच्छा आहे. अल्लाह आपणा सर्वांना खरे सांगण्याचे आणि खरे ऐकण्याचे बळ देवो.