रेणूंचा तारपा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत भातकापणी झाली, की पाड्यापाड्यांवर तारपा वाजू लागतो. मध्ये तारपकरी आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची साखळी! वाचकहो, रसायनशास्त्रातील बहुवारिकीकरण म्हणजे अशीच साखळी जुळणे होय. नाचणारे तेवढे रेणू.

ही गोष्ट विद्वानांच्या गळी उतरायला मात्र बराच काळ लागला. १९०७ साली बेकलंड यांनी बेकेलाइट तयार केले, तेव्हा असले पदार्थ म्हणजे लहान रेणूंचा नुसता घोळका, असेच बहुतेक मानीत. १९२० साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले, की हा घोळका नव्हे. ही पक्क्या बंधांनी जोडलेली लांबच लांब साखळी आहे. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. १९५३ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी जुळण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली समावेशनाची. एथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू एकमेकांस दोन्ही हातांनी धरून असतात. एखादा चळवळ्या रेणू येऊन त्यांतला एक हात सोडवितो. तो मोकळा हात शेजाऱ्याला धरतो, शेजारी पुढच्याला! दोन वाढत्या साखळ्यांची टोके भेटली, की वाढ थांबते. यात काहीच गळत नाही. १९३३ साली इंग्लंडमध्ये प्रचंड दाबाखाली पॉलिएथिलीन मिळाले, ते या रीतीने.

दुसरी तऱ्हा संघननाची. येथे हात धरण्यापूर्वी हातातले काही टाकावे लागते. बहुधा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. कॅरदर्स यांनी १९३५ साली अमेरिकेत नायलॉन केले, ते असे. भाताचे रोप साखरेतून पिष्ट घडविते, तेथेही हिशेब मांडला तर दर दुव्यामागे पाण्याचा एक रेणू वजा होतो.

पाणी सोडून जुळलेला दुवा पाणी घेऊन उकलता येतो. नायलॉनचा फार सावकाश, पिष्टाचा मात्र सहज. म्हणून भात आपल्याला पचतो आणि तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेला वारल्यांचा लग्नचौक अखेर मातीत मिसळतो. पॉलिएथिलीनच्या साखळीत पाण्याने उकलावा असा दुवाच नाही. तिची पिशवी ओहोळात वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. २०१८ साली महाराष्ट्राला प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालावी लागली, तिचे एक मूळ या रसायनात आहे.

तारपा थांबला, की हात सुटतात आणि जो तो आपापल्या पाड्याकडे वळतो. साखळ्या जोडायला माणूस शंभर वर्षांत शिकला. त्या वेळेवर सोडवायला त्याला अजून शिकायचे आहे.