हिपॅटायटिस ‘सी’ : उपचार किती आठवडे?

हिपॅटायटिस ‘सी’ हा रक्तावाटे पसरणारा यकृताचा विषाणुजन्य आजार. त्याचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. संसर्ग सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास तो जुनाट समजतात. अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के जणांना वीस वर्षांत सिऱ्हॉसिस होण्याचा धोका असतो. या आजारावर लस नाही.

इंटरफेरॉनचा काळ : प्रारंभी इंटरफेरॉनची इंजेक्शने आठवड्यातून तीनदा घ्यावी लागत. १९९८ च्या सुमारास रिबाव्हिरिनची जोड मिळाली. तेव्हा २४ आठवड्यांच्या उपचाराने सुमारे एकतृतीयांश, तर ४८ आठवड्यांच्या उपचाराने सुमारे ४० टक्के रुग्ण विषाणुमुक्त होत. पुढे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे पेगिलेटेड इंटरफेरॉन आले. विषाणूच्या जनुकप्रकार १ साठी ४८ आठवडे आवश्यक, मात्र प्रकार २ व ३ साठी २४ आठवडे पुरेसे, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. भारतात प्रकार ३ अधिक आढळतो.

लोणावळा किंवा मावळातील खेड्यात राहणाऱ्या रुग्णासाठी हा फरक मोठा होता. ताप, रक्तक्षय, नैराश्य असे दुष्परिणाम सोसत, तज्ज्ञांकडे व रक्ततपासणीसाठी पुण्याच्या खेपा घालत अर्धे वर्ष काढायचे की जवळजवळ पूर्ण वर्ष, हे त्यावर ठरे.

गोळ्यांचा काळ : २०१५ मध्ये भारतात सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (आरंभ : २८ जुलै २०१८) औषधे मोफत मिळतात. सिऱ्हॉसिस नसल्यास सोफोसबुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर १२ आठवडे; यकृताचे कार्य टिकून असलेल्या सिऱ्हॉसिसमध्ये सोफोसबुव्हिर व व्हेल्पाटास्व्हिर १२ आठवडे. यकृताचे कार्य ढासळले असल्यास सोबत रिबाव्हिरिन देतात. ते सोसत नसल्यास उपचार २४ आठवडे चालतो. म्हणजे मुदत आता मुख्यतः यकृताच्या स्थितीवर ठरते. नव्या औषधांनी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

बरे झाल्याची खूण : उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत रक्तात विषाणू न आढळणे, हा निकष होय. पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू दिसेनासा होतो, म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत. राहिलेला विषाणू पुन्हा वाढू शकतो. उलट, ठरलेल्या मुदतीपुढे गोळ्या आपल्या मनाने घेण्यातही लाभ नाही. सिऱ्हॉसिस झालेल्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण संपत नाही.