एका चोखंदळ जंतूची अनुवंशलिपि

वनस्पतींच्या रोगांचा इतिहास लिहूं जाणारास १३ जुलै २००० हा दिवस वगळतां येणार नाहीं. त्या दिवशीं 'नेचर' नियतकालिकांत झायलेला फास्टिडिओसा या जंतूचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. झाडांस रोग जडविणाऱ्या कोणत्याहि जंतूची समग्र अनुवंशलिपि तोंपर्यंत कोणीं वाचली नव्हती. आणि ती वाचली ब्राझीलमधील साव पावलो प्रांताच्या संशोधकांनीं! या हकीगतींतील हाच भाग आम्हांस विशेष मननीय वाटतो.

जंतु तसा जुना. कॅलिफोर्नियांतील द्राक्षवेली सुकविणाऱ्या रोगाचें वर्णन न्यूटन पिअर्स यानें १८९२ सालींच केलें होतें. परंतु त्याचा कर्ता जंतु प्रयोगशाळेंत वाढविणें १९७८ पर्यंत साधलें नाहीं. साधें खाद्य त्यास रुचत नाहीं, म्हणून त्याचें नांवच 'चोखंदळ' असें पडलें. तें नांव ज्या १९८७ सालीं ठेविलें गेलें, त्याच सुमारास साव पावलोकडील मोसंबीच्या जातीच्या संत्र्यांवर नवा रोग दिसला. पानांवर पिवळे डाग, फळें लहान आणि टणक. रस परदेशीं धाडून पोट भरणाऱ्या त्या प्रांतास हें केवढें संकट होतें, हें सांगावयास नकोच.

१९९७ सालीं तेथील 'फापेस्प' या संशोधन-प्रतिष्ठानानें हें काम हातीं घेतलें. प्रांताच्या कर-उत्पन्नाचा शेंकडा एक हिस्सा या संस्थेस राज्यघटनेनेंच मिळतो, ही गोष्ट आमच्या अर्थमंत्र्यांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. नवी इमारत बांधिली नाहीं; तीसएक प्रयोगशाळा संगणकांनीं जोडल्या, एवढेंच. या जाळ्याचें नांव 'ओन्सा'. पोर्तुगीजांत तसाच उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ जॅग्वार. १९९५ सालीं प्रथमच एका जंतूचा जीनोम वाचणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या आद्याक्षरांचा उच्चार 'टायगर' होई; तिला हें मिस्किल उत्तर होतें.

मुख्य गुणसूत्रांत २६,७९,३०५ अक्षरें भरलीं. २,९०४ संभाव्य जीनांपैकीं शेंकडा ४७ जीनांच्या कार्याचा कांहीं तर्क करितां आला; बाकीचे मुकेच राहिले. इतर कित्येक रोगजंतु यजमानाच्या पेशींत विषारी द्रव्यें टोंचतात. तें टोंचण्याचें यंत्र येथें नव्हतें. डिंकासारखा चिकट पदार्थ बनविणारे जीन मात्र सांपडले. पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत हा जंतु आपल्या गोतावळ्यासह चिकटून बसतो, नलिका तुंबतात, आणि ओल्या जमिनींत उभें असलेलें झाड तहानेनें सुकतें, ही कल्पना त्यामुळें बळावली.

बागाइतास याचा तत्काळ लाभ काय, हा प्रश्न रास्त आहे. खरें बोलावयाचें तर बागा सांवरल्या त्या मुख्यतः जाळीखालीं वाढविलेल्या निरोगी रोपांनीं, रोगट फांद्या छाटण्यानें आणि रोग पसरविणाऱ्या तुडतुड्यांच्या बंदोबस्तानें. जीनोमवाचनाचा उपयोग निराळ्या जागीं दिसला. इटलींतील आपुलिया प्रांतांत ऑलिव्हचीं जुनीं झाडें वाळूं लागलीं होतीं; २०१३ सालीं तेथेंहि हाच जंतु निघाला. आणि निरनिराळ्या देशांतील त्याच्या लिपी ताडून पाहतां त्याचा माग मध्य अमेरिकेकडे लागला.