हाडातला सरस

सुताराच्या दुकानात मंद विस्तवावर, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, उग्र वासाचा जो सरस वितळविला जाई, तो जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला असतो हे ठाऊक असलेल्या पिढीलाही, त्याच्या मूळ द्रव्यावर आपला स्वतःचा अस्थिपंजर उभा आहे याची वार्ता क्वचितच असेल. या द्रव्याला पाश्चात्त्य पंडितांनी कोलाजेन म्हटले. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरस, तेव्हा कोलाजेन म्हणजे सरसाचे जनक. मुलाच्या नावाने बापाची ओळख करून द्यावी, तसाच हा प्रकार झाला.

हाडातून हा सरस काढण्याचा ध्यास मात्र फार जुना. फ्रान्समधून लंडनास आलेल्या देनी पापॅं याने 1679 साली रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे, आतली वाफ कोंडून धरणारे एक पात्र मांडले. आमच्या स्वयंपाकघरांत शिट्ट्या देणाऱ्या कुकरचा तो मूळपुरुष. 1682 च्या एप्रिलात त्या पात्रात शिजविलेले भोजन सोसायटीच्या सभासदांनी केले आणि कठीणातली कठीण हाडेही चीजसारखी मऊ झाल्याचे जॉन ईव्हलिन याने आपल्या रोजनिशीत नमूद करून ठेवले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये दार्से याने गोरगरिबांसाठी व इस्पितळांतील रुग्णांसाठी हाडांच्या जिलेटिनचे सार काढण्याची तजवीज केली. परंतु या साराने पोट भरते की केवळ भांडे भरते, असा वाद माजल्याने विज्ञान अकादमीने चौकशी समिती नेमली आणि माझांदी याच्या त्या समितीने कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून 1841 साली, निव्वळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही, असा अहवाल रुजू केला. याचे कारण पुढे उलगडले: ट्रिप्टोफॅन हे शरीरास अत्यावश्यक असे अमिनो आम्ल त्यात नावालाही नसते.

उकळल्याने नेमके काय मोडते, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंध क्ष-किरणांखाली धरून मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी 1954 साली कोलाजेनचा रेणू तीन पेडांचा आहे, असे प्रतिपादन केले आणि पुढच्याच वर्षी ते तिन्ही पेड परस्परांभोवती पिळलेले असल्याची दुरुस्ती त्यांनीच केली. उष्णतेने हा पीळ सुटतो. उरतो तो सरस.

परंतु आच न लावता, थंड क्षारद्रवात कोलाजेन विरघळविले आणि तो द्रव हळूहळू शरीराच्या उष्णतेला, म्हणजे सुमारे 37 अंशांस आणला, तर विस्कळित रेणू आपण होऊन रांगेत बसतात व तंतू सिद्ध होतात, हे जेरोम ग्रॉस प्रभृतींनी दाखविले. ना साचा, ना मुकादम! प्रत्येक रेणू सुमारे 300 नॅनोमीटर लांब. शेजारचा त्याच्यापेक्षा 67 नॅनोमीटर सरकून बसतो आणि एकाच ओळीत पुढेमागे असलेल्या दोन रेणूंच्या टोकांमध्ये सुमारे 40 नॅनोमीटरची पोकळी राहते, असा आराखडा हॉज व पेत्रुस्का यांनी 1963 साली मांडला.

या आराखड्यापूर्वीच, 1957 साली, हॉज यांच्यासह ग्लिमचर व श्मिट यांनी असे पुन्हा जुळविलेले तंतू कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या द्रावणात ठेविले, तेव्हा हाडात असते तेच खनिज त्यांच्यावर स्फटिकरूपाने धरू लागले. मात्र तेच रेणू अन्य रीतीने रचून केलेल्या तंतूंना हे साधले नाही. म्हणूनच अस्थिपूरणासाठी कोलाजेन व खनिज यांचे संमिश्र घडविणारे आजचे कारागीर कित्येकदा खनिजाचे कण द्रव थंड असतानाच त्यात मिसळतात, मग तो सावकाश कोमट करतात आणि कणांना कवेत घेत तंतू जुळेपर्यंत भांड्याला हात लावीत नाहीत.