कुणी मारलं, हे विचारणारी पुस्तकं

माझ्या लहानपणी आमच्या नांदेडच्या घरात दोन भाषांत खून होत. मोठे काका निजामाच्या राज्यात शिकले, म्हणजे उर्दूतून. ते इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' वाचत. धाकटे काका हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर मराठीतून शिकले. त्यांच्या उशाखाली बाबूराव अर्नाळकर असत. रात्रीची जेवणं उरकली की ओसरीवर दोघांची जुंपायची. थोरल्यांचे फरीदी आणि हमीद, धाकट्यांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड. आम्ही पोरं मधे बसून दोन्हीकडचं ऐकायचो.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६-१९९६). मुंबईत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादेत सुरू झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण पुस्तकं इकडेही निघत राहिली. माणसांची फाळणी झाली, गुप्तहेरांची झाली नाही. पुढे आमच्या पिढीला गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास भेटला. पुस्तक भाड्यानं आणायचं आणि दिवस उलटायच्या आत परत करायचं.

शाळेत या पुस्तकांना 'रद्दी' म्हणत. मी एकदा मोठ्या काकांना विचारलं, "तुम्ही एवढे शिकलेले, मग हे का वाचता?" ते म्हणाले, "अरे, गोष्टीत कसं, एक माणूस मेला की कुणीतरी विचारतंच बघ, कुणी मारलं म्हणून."

तेव्हा मला ते कळलं नाही. पुढे इतिहास वाचताना उमगलं. आधी रझाकारांचा काळ होता. गावंच्या गावं जीव मुठीत धरून राहिली. मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली, मराठवाडा मुक्त झाला आणि त्यापाठोपाठ सूडाची लाट आली. तिच्यात मुसलमान मोठ्या संख्येनं मारले गेले. चौकशीसाठी भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्यासह एक समिती पाठवली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिनं नांदेड आणि उस्मानाबादची नावं घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. संपूर्ण संस्थानातल्या मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकं तो कागदांतच पडून राहिला.

काकांचा उर्दू शाळेतला एक सोबती त्याच दिवसांत गेला. कसा गेला, हे कुणी सांगितलं नाही आणि काकांनीही पुन्हा कुणाला विचारलं नाही.

मराठवाड्यातली माणसं रहस्यकथा याचसाठी वाचत, असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना करमणूकच हवी होती, आणि त्यात काही वाईट नाही. पण माझ्या काकांपुरतं मला ठाऊक आहे.

आता पुस्तक प्रदर्शनात नव्या रहस्यकादंबऱ्या दिसतात. त्यांतला तपास मोबाइल आणि सीसीटीव्हीच्या आधारानं चालतो. मी एखादी हमखास घेतो. खुनी कोण, याचा अंदाज मला निम्म्यातच येतो, तरी शेवटपर्यंत वाचतो. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणीतरी दारोदार चौकशी करत फिरतं आहे, एवढंही मला पुरतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)