सासष्टीच्या लोकांनीं मागितलेलें पुराण

महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाची कोनशिला केव्हां बसली, घंटा कोठून आली, मनोरा कोणीं बांधविला, ही हकीकत सांगण्याचा प्रघात आहे. ती सांगणारे या अंकांत दुसरे आहेत. आम्हीं निराळा विषय घेतला आहे. परका धर्मगुरु गांवांत येतो, आणि गांवकरी दाराआडून त्यास न्याहाळतात; त्या दारापासून ओसरीपर्यंतचें अंतर कसें तुटतें? हें समजण्यास फादर टॉमस स्टीफन्स यांच्या चरित्राइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज, विल्टशायर परगण्यांतील. ते येशूसंघांत शिरले आणि १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले. पुढील सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, त्यांचा बहुतेक काळ सासष्टींत गेला. (मुंबईजवळची साष्टी ती ही नव्हे, ही मडगांव व रायतूर यांच्या भोंवतालची गोव्याची सासष्टी.)

आतां या सासष्टीची स्थिति काय होती, तें स्पष्ट बोललें पाहिजे. स्टीफन्स येण्यापूर्वीं बारा वर्षें, १५६७ सालीं, पोर्तुगीज अंमलदारांनीं तेथील देवालयें पाडलीं होतीं. जुन्या धर्मग्रंथांस बंदी होती. गांवची जमीन, गांवचें देऊळ आणि गांवकरांची सभा हीं परस्परांत गुंतलेलीं असल्यामुळें एकावर पडलेला घाव तिहींवर पडला. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें देवळासाठीं जागा पाहावयास गेलेले फादर रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती लोकांच्या हातून मारले गेले. पुढें सरकारनें कुंकळ्ळीच्या प्रमुखांस बोलणें करावयाचें म्हणून असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें आणि तेथें त्यांस ठार केलें. हुतात्म्यांचें स्मरण आपण भक्तीनें करतों, तें योग्यच आहे. परंतु दगा देऊन मारलेल्या त्या गांवकऱ्यांविषयीं आपल्या पुस्तकांतून एक ओळही बहुधा नसते, हें आम्हांस खटकतें. जेथें बोलावणें आलें म्हणजे मरण, तेथें उद्यां पाद्रीनें हांक मारली असतां कोण पुढें येणार?

लोक हट्टी आहेत, अडाणी आहेत, जुनें सोडीत नाहींत, ही तक्रार सर्व काळांतील कार्यकर्ते करीत आले आहेत. सासष्टींत तरी मुख्य अडथळा लोकांच्या स्वभावांत नव्हता. तो बाहेरून आणून त्यांच्या दारांत टाकलेला होता.

स्टीफन्स यांनीं आरंभ भाषेपासून केला. येथील बोली ते शिकले, आणि पोर्तुगीज भाषेंत तिचें व्याकरण रचलें. तें त्यांच्या पश्चात् १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. हिंदी भाषांपैकीं एखादीचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून त्याची गणना होते. ख्रिस्ती सिद्धान्तांची प्रश्नोत्तरावली त्यांनीं कोंकणींत लिहिली, कारण मुलांबाळांच्या तोंडीं तीच बोली होती. तीही त्यांच्या मरणानंतर, १६२२ सालीं, प्रसिद्ध झाली.

परंतु खरा प्रश्न निराळाच होता, आणि तो लोकांनींच त्यांच्यापुढें मांडला. पुराणाच्या पहिल्या अवस्वरांतच हा प्रसंग आहे. नवख्रिस्ती मंडळींपैकीं एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विचारतो, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत. मग वेळ घालविण्यास आणि मनास विसांवा देण्यास त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? प्रश्न किती साधा, आणि किती वर्मी लागणारा! सिद्धान्त पाठ झाले, पण सायंकाळीं ओसरीवर बसून ऐकावें असें कांहीं उरलें नाहीं. दुसऱ्या कोणीं ही जुन्या संवयीची खोड समजून दटावणी दिली असती. स्टीफन्स यांनीं ती मागणी मानली आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें.

तें कोंकणींत नसून मराठींत आहे, यांतही मर्म आहे. घरीं बोली कोंकणी असली तरी पुराण ऐकावयाचें तें मराठींत, अशी तेथील रीत होती. तथापि शुद्ध मराठी सामान्य लोकांस कठीण जाते हें पाहून त्यांनीं जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाकून तेथील ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द ठिकठिकाणीं मिसळले, आणि प्रस्तावनेंत तसें सांगितलें. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या सर्वश्रुतच आहेत.

एक विघ्न मात्र त्यांस दूर करतां आलें नाहीं. गोव्यांत छापखाना १५५६ पासून होता, पण खिळे रोमन लिपीचे. देशी लिपींत पुस्तक छापावें अशी आपली फार दिवसांची इच्छा असल्याचें त्यांनीं १६०८ सालीं रोमच्या वरिष्ठांस कळविलें. जोडाक्षरें धरून सहाशेंपर्यंत खिळे पाडावे लागतील, ही अडचणही लिहिली. तें जमलें नाहीं. १६१६ सालीं पुराण निघालें तें रोमन अक्षरांतच.

स्टीफन्स यांस आम्ही आजच्या अर्थानें उदारमतवादी ठरवूं इच्छीत नाहीं. जुन्या पुराणांवर त्यांनीं टीका केली आहे, आणि त्यांवरील बंदी उठवावी असें त्यांनीं कोठें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ज्या राज्यानें लोकांचे ग्रंथ हिरावले, त्याच्याच आश्रयानें ते राहिले. तरीही आपल्या श्रोत्यांची उणीव त्यांच्याच तोंडून ऐकून घेऊन ती ग्रंथाच्या आरंभीं नोंदवावी, हें त्या काळीं थोड्यांसच सुचलें.

पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. पुढें वारें फिरलें. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढून स्थानिक बोली सोडण्यास लोकांस तीन वर्षांची मुदत दिली. स्टीफन्स यांनीं चाळीस वर्षें खपून जी वाट पाडली होती, तीवर सरकारनेंच कांटे टाकले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो घराघरांतील हस्तलिखितांमुळें. त्यांवरूनच १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळूर येथें तो पुन्हां छापविला, तोही रोमन अक्षरांत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली, तेव्हां स्टीफन्स यांच्या त्या पत्रास ३४८ वर्षें झालीं होतीं.